नर्मदाबाईचं सारवण

१९८६ चं साल. पेडगावात कडूबाईच्या घरी निर्धूर चूल घातल्याला सहा महिने झाले होते, आणि ती चूल घरभर धूर ओकत होती.

सुनेत्रा चुलीसमोर उकिडवी बसली होती. सरकारी योजनेतल्या चुली गावात घालून घ्यायच्या आणि त्यांच्यावर जळण किती वाचतं ते मोजायचं, हे तिचं काम. त्यासाठी ती परभणीहून एस.टी.नं यायची. आज तिनं कापसाच्या दोन किलो वाळक्या पऱ्हाट्या तोलून घेतल्या होत्या. एवढ्यात पाच माणसांचा स्वयंपाक व्हायला हवा होता. पऱ्हाट्या संपल्या तेव्हा तव्यावर चौथीच भाकरी होती. मागच्या वैलावरचं, म्हणजे चुलीच्या दुसऱ्या तोंडावरचं, पाणी नुसतं कोमट झालं होतं.

कडूबाई पदरानं डोळे पुसत होती. डोळे लाल झाले होते, पापण्या सुजल्या होत्या. परभणीच्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, धूर थांबवा, नाहीतर सासूच्या वाटेनं जाल. सासू नर्मदाबाई तीस वर्षं चुलीपुढे बसून आंधळी झाली होती. म्हणूनच गावातली पहिली निर्धूर चूल सुनेत्रानं या घरात घातली होती.

"बाई, आमची जुनीच बरी व्हती," दारात उभा राहून कडूबाईचा नवरा लिंबाजी म्हणाला. "आज शेवटचं बघू. न्हाई जमलं तर पहार घालतो हिच्यात."

"घाल की! डोळे कुठं तुझे जायलेत?" शेजारची तानुबाई मोजणी बघायला आली होती, ती फटकन बोलली. "माझ्या घरी चला, ताई. हीच चूल, ह्योच गवंडी. अर्ध्या जळणात सैपाक होतोय माझा."

"तुझी चूल सांगू नको," कडूबाई म्हणाली. "पोळ्याला सारवतीस ती दिवाळीला. बघून चहा बी प्यावा वाटत न्हाई."

"घाण हाय, पण जळती तर हाय!"

सगळे हसले. सुनेत्रा हसली नाही. तिनं बाही वर केली आणि चुलीच्या तोंडातून हात आत घातला. पुढच्या तोंडापासून मागच्या वैलाकडं जाळ जायला आत वाट असते. ती चार बोटं रुंद ठेवलेली होती. आता तिथं तिचं एक बोट कसंबसं गेलं. आत खडबडीत काही लागलं नाही. सगळं गुळगुळीत, गोलसर. शेणमातीचा एकेक पातळ हात रोज बसला होता आणि सहा महिन्यांत वाट बुजली होती. चुलीत दोष नव्हता.

"रोज सारवतं कोण?" तिनं विचारलं.

कडूबाईनं ओसरीकडं पाहिलं. नर्मदाबाई भिंतीला टेकून बसली होती. कोंबडं आरवायच्या आधी ती उठायची, शेण आणि पांढरी माती कालवायची आणि चाचपत चाचपत चूल आतबाहेर सारवायची. दिसत नसूनही कुठं एक डाग राहायचा नाही. डोळे गेल्यावर तिच्या हातून एकेक काम सुटलं होतं. आधी भाकरी, मग पाणी, मग धान्य निवडणं. चूल तेवढी राहिली होती.

लिंबाजी आणि तानुबाई पुन्हा तोलायला पऱ्हाट्या आणायला परसात गेले. सुनेत्रानं आवाज खाली घेतला. "त्यांना थांबवा. मी आज खरवडून देते. पण रोज सारवलं तर पुन्हा बुजणार."

"मी न्हाई सांगायची, ताई."

"मग डोळ्यांचं काय?"

"जाऊ द्या." कडूबाईनं फुंकणी उचलली. "त्यांच्याकडं तेवढंच ऱ्हायलंय."

"कडू, म्या ऐकलं." भिंत धरून नर्मदाबाई दारात आली होती. "बरं झालं. सुटले बाई! थंडीत शेणात हात घालून बोटं लाकडावाणी होयलीत. लाजंपायी बोलत नव्हते. खरवडा तुमी."

सुनेत्रानं विळ्यानं आतली माती काढली. अर्धं घमेलं निघाली. मग तेवढ्याच दोन किलो पऱ्हाट्यांत सगळ्या भाकरी झाल्या, कालवण झालं, मागचं पाणी खळखळलं आणि वर मूठभर काड्या उरल्या. घरात धूर नव्हता. लिंबाजी हात धुऊन जेवायला बसला.

पुढे सुनेत्राला बढती मिळाली. पेडगावची ही मोजणी ती निवृत्त होईपर्यंत नव्या मुलींना सांगत असे. तानुबाईची चूल चौथ्या वर्षी तडकली. तिनं रॉकेलचा स्टोव्ह घेतला आणि मरेपर्यंत त्याला शिव्या दिल्या. लिंबाजीनं स्वतः चार घरांत सांगून अशा चुली घालून घेतल्या. कडूबाईचे डोळे निवळले. सत्तरीतही ती तांदळातला खडा लांबून ओळखायची.

नर्मदाबाई आणखी तीन वर्षं जगली. सुटले बाई, असंच ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पहाटे उठायची सवय मात्र गेली नाही. भिंत धरून ती गोठ्याकडं जायची. कडूबाईला वाटायचं, परसाकडं जात असेल. एका सकाळी ऊन वर आल्यावर ती ओसरीवर बसल्या बसल्याच गेली. सरणासाठी गोवऱ्या आणायला लिंबाजी गोठ्यात शिरला. कोपऱ्यात, मोडक्या वखराआड, टाकून दिलेली जुनी चूल होती. नवी चूल आल्यापासून तिच्यात जाळ पडला नव्हता. सारवून सारवून तिचं तोंड पुरतं बुजलं होतं. लिंबाजीनं हात लावला. वरचा थर अजून ओला होता.