पुराव्याच्या कॅसेट

ज्याला ऐकून अर्ध्या शहराने बेस गिटार हातात घेतली, तो रॉकवाला नेमका काकूंच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहायचा. त्याच्या दुपारच्या सरावाने काकूंच्या झोपेचं पार खोबरं व्हायचं. तक्रारीला पुरावा हवा, म्हणून त्यांनी बावीस वर्षं ती धडधड हट्टाने कॅसेटवर टेप केली.

परवा तो गेला. कॅसेटची कुणकुण लागताच आज भरदुपारी चाहते काकूंच्या खोलीत दाटीवाटीने येऊन बसले. "काकू, अजून मोठ्याने लावा ना," ते डोळे पुसत म्हणाले. काकूंनाही भरून आलं. त्यांनी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.



वरून धाडधाड काठी आपटली आणि त्याची बायको ओरडली, "बंद करा ते! लग्नानंतर आज पहिल्यांदा दुपारचा डोळा लागला होता माझा!"