रिकामी बाटली

ऑस्ट्रेलियात टूवूंबाला आल्यापासून मानवेल घरीच बिअर करायचा. भरलेली प्लास्टिकची बाटली चेपून, हवा काढून तो झाकण लावी. आत गॅस धरला की बाटली फुगून टणक होई. बिअर तयार झाली का, ते तो अंगठ्याने दाबून बघे. ताडून बघायला एक रिकामी बाटलीही चेपून, बंद करून ठेवी.

आज दुपारी तीच दगडासारखी टणक लागली.

"जोसेफिन, ही तू भरलीस?"

"तुझ्या बाटल्यांना मी कशाला हात लावू?" बायको आतून म्हणाली.

गोंधळून त्याने बाटली उजेडात धरली. आत थेंबही नव्हता.

तेवढ्यात आतून एका अंगठ्याने प्लास्टिक बाहेर रेटलं आणि मानवेलचा तळहात हलकेच दाबून बघितला.