जिंकलो तर

फुटबॉलचा हंगाम रविवारी सुरू होणार होता आणि सासऱ्यांच्या बायपासला जेमतेम तीन महिने झाले होते. तरी मैदानावर जायचंच म्हणून ते हटून बसले, तेव्हा कडेवरच्या लेकीला सावरत सुनेनं त्यांना थेट डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं.

"आता तुम्हीच सांगा यांना. आपल्याला साधा कॉर्नर मिळाला तरी बाबा खुर्चीवर उभे राहतात."

"संघ कुठला?" रिपोर्टमधून मान वर न काढता डॉक्टरांनी विचारलं.

सासऱ्यांनी नाव सांगितलं. गेल्या हंगामात अठरा सामने खेळून अठराही हरलेला संघ.

"मग खुशाल जा. धोका असतो तो आनंदाच्या धक्क्याचा. तो काही तिथे बसायचा नाही."

सुनेचा जीव भांड्यात पडला. सासरे मात्र जागचे हलेनात.

"यंदा नवा गोलकीपर आणलाय, डॉक्टर. समजा जिंकलोच, तर कुठली गोळी घेऊ?"

डॉक्टरांनी चिठ्ठीवर एक नाव खरडलं, दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

 

"दोन ठेवा खिशात. शेवटच्या रांगेत टोपी डोळ्यांवर ओढून एकजण बसतो ना, तो मीच."