खाडीचा पंचनामा

चार वर्षं अर्ज केले, तेव्हा कुठे प्रदूषण खात्याचे साहेब आमच्या खाडीवर आले. काठावर मेलेल्या माशांचा खच होता आणि कंपनीच्या नाल्यातून पिवळं पाणी येतच होतं.

“मासे कशानं मेले?” साहेबांनी कोळणींना विचारलं.

“उन्हानं,” माझी सूनच सगळ्यांआधी बोलली. “कंपनीला कशाला नावं ठेवायची? आमची मासळी चोख आहे. लिहा तसं.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. साहेबांनी तसंच लिहिलं आणि जीप वळवली.

“अगं, माझ्या चार वर्षांवर पाणी फिरवलंस!” मी ओरडलो.

“आबा, खाडीत विष आहे असं सरकारनंच लिहिलं, तर बाजारात माझी टोपली कोण घेईल?” तिनं टोपली डोक्यावर चढवली. “घरी जाऊन जेवा. डाळभात केलाय. ही मासळी मी पोरांना घालत नाही.”