शेवटची फेरी वेळेवर सुटली

"आधी फळ्यांचा धक्का, मग पत्र्याची शेड, मग हा सिमेंटचा हॉल. झाला इतिहास!" टर्मिनलचे मास्तर म्हणाले.

नगरपालिकेचा कारकून ते पाटीसाठी उतरवून घेत होता. उद्या खाडीवरचा पूल सुरू होणार आणि फेरीबोट बंद. हॉल म्हणे गोदामाला देणार.

"संध्याकाळची बोट रोज उशिरा सुटायची, तेही घाला पाटीवर," सुकाणूवरून बोटीचा सारंग ओरडला. "कधी दोर गुंतला, कधी फाटक अडकलं. इतक्या वर्षांत मास्तरांची कारणं काही संपली नाहीत!"

मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कारण एकच होतं, आणि त्याला चष्मा होता.

रोज भोंगा वाजून गेला की त्या बाई धावत यायच्या. मास्तर फाटक धरून उभे.

"सावकाश, बाई. बोट कुठं पळून जात नाही."

"तुम्ही आहात म्हणून!" त्या धापा टाकत म्हणायच्या, आणि अगदी मागच्या बाकावर, धक्क्याकडे तोंड करून बसायच्या.

बोलणं एवढंच. एकट्या विधुराला ते दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पुरायचं. सकाळच्या बोटीतून त्या उतरताना कधी दिसल्या नाहीत. मुलगा गाडीनं सोडत असेल, असा हिशेब मास्तरांनी परस्पर जुळवून टाकला होता. संध्याकाळची बोट सुटली की त्यांची ड्यूटी संपायची. बोट परत येईपर्यंत ते घरी भात लावत असायचे.

उद्यापासून बाई पुलावरून बसनं जाणार. म्हणजे बोलायचं ते आजच. पण बोट खोळंबलेली, सगळ्यांच्या माना वळलेल्या, अशात माणूस बोलणार काय, कपाळ?

भोंगा वाजला.

"थांबायचं ना, मास्तर?"

"सोडा."

"नक्की?"

"सोडा म्हटलं ना!"

सारंग मिशीत हसला. दोर सुटला.

बाई धावत आल्या, तेव्हा बोट पार खाडीच्या मध्यावर होती. मास्तर पुढे झाले.

"चूक माझी आहे, बाई. मुद्दाम सोडली. तुमच्याशी जरा निवांत बोलायचं होतं. खाडीला वळसा घालून टॅक्सीनं पलीकडे घरी पोचवतो तुम्हाला. आधी फक्त एक कप चहा..."

बाई मटकन बाकावर बसल्या. चष्मा काढून डोळे पुसले. मास्तर घाबरले, मग कळलं, त्या हसताहेत.

"पहिल्या दिवशी मी पोस्टाच्या पेटीकडे धावत होते हो. तुम्ही माझ्यासाठी अख्खी बोट थांबवलीत! चारचौघांत नाही कसं म्हणणार? चढले, त्याच बोटीनं परत आले. आणि दुसऱ्या दिवशी..." त्यांनी चष्मा परत चढवला. "टॅक्सी कशाला, मास्तर? माझं घर याच बाजूला आहे, त्या समोरच्या लाँड्रीच्या वर."