तंतूची रुंदी

तिच्या प्रबंधाच्या परीक्षकाचा प्रश्न एका ओळीचा होता. तंतूची रुंदी आवरणासकट मोजली, की आवरण सोडून? उत्तर संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचं होतं. ती ओळ वाचून तिने काचपट्टी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

खारफुटीच्या चिखलावर चटईसारखं पसरणारं ते काळपट हिरवं शेवाळ तिने चार वर्षं गुडघाभर गाळात उतरून गोळा केलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे लांबच लांब तंतू दिसत, प्रत्येकाभोवती पारदर्शक आवरण. रुंदी नऊ मायक्रॉन. या वंशाच्या शेवाळात इतका रुंद तंतू आजवर कोणी नोंदवला नव्हता, म्हणून ही जात नवी. पीएचडी त्यावरच उभी होती. थोरल्या काकांनी तर सगळ्या नातेवाइकांत डंका पिटून ठेवला होता.

"स्वेटरसकट माप घेतलंस की काय?" तिच्या मार्गदर्शक सरांनी हसत विचारलं.

ती हसली नाही. "तसंच झालंय, सर. आता आवरण सोडून मोजलं. सहा येतंय."

सहाची जात जुनी. पन्नास वर्षांपूर्वीच कोणीतरी तिचं वर्णन करून मोकळा झाला होता. सरांनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वाचार.

"ऊठ. मी बघतो, तू लिहून घे."

त्यांनी काचपट्टी नीट बसवली, भिंगाला डोळा लावला.

"आवरण सोडून," ते म्हणाले, "नऊ."

तिने मान वर केली.

"लिही. नऊ. पुढचा साडेआठ. त्याच्या पुढचा नऊ."

हे सगळं आपल्यासाठी चाललंय हे तिला कळत होतं, आणि त्याचंच तिला रडू येत होतं. लिहिलं की सुटली. त्या गाळात उतरून पुन्हा मोजायला कोण येणार होतं? पण पेन काही हलेना.

"लिहितेस ना, बाळ? वेळ कमी आहे." त्यांनी भिंगावरून डोळा काढला नव्हता.

तिने वही त्यांच्या हाताशी सरकवली आणि वर पेन ठेवलं.

"तुम्हीच लिहा, सर."

सरांनी पेन उचललं. कोऱ्या रकान्याकडे पाहत राहिले. मग चष्मा पुसला आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकले.

"सहा," ते म्हणाले, आणि तसंच लिहिलं.