तपाचं तेज

पर्युषण संपलं तरी चंदनबाईंचे उपवास काही संपेनात, आणि चेहरा तर मधूनच लालबुंद व्हायचा. "तपाचं तेज बघा!" म्हणत गल्लीतल्या बायका पाया पडून जायच्या. सून रिद्धी जळगावभर कौतुक सांगत फिरायची.

एक दिवस त्या चक्कर येऊन पडल्या. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, "ही लाली लहान आतड्यातल्या गाठीची आहे. फार क्वचित होते अशी गाठ. आता यकृतापर्यंत पोचलीय. पोट दुखत नव्हतं का?"

रिद्धी रडकुंडीला आली. "मम्मी, बोलायचं तरी!"

चंदनबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला.


"जेवलं की कळ यायची, म्हणून तर उपवास धरत होते गं. पण तुम्ही सगळे पाया पडायला लागलात, मग सांगणार कसं?"